धाबळी घेऊन माचाळला

त्या काळी रत्नागिरीतून बाहेर पडायला माणसाला कारण लागत असे. लग्न, मुंज, बारसं, कुलदैवत, कोर्टाची तारीख, आजारपण आणि मयत ही कारणं चालत. मुंबईची नोकरी हे सगळ्यांत मोठं कारण; तिकडे गेलेला माणूस परत आलाच नाही तरी कुणी काही म्हणत नसे. पण ‘डोंगर बघायला जाते’ हे कारण कुणाच्या ओळखीचं नव्हतं. डोंगर काय बघायचा? तो कुठं पळून चाललाय?

मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते. सह्याद्रीतले घाट, त्यात उगम पावणाऱ्या नद्या, हे सगळं दरवर्षी नव्या मुलींना जुन्याच आवाजात सांगत असे. स्वतः मात्र मी किल्ल्यावरच्या देवळाच्या पायऱ्यांपेक्षा उंच कधी चढले नव्हते. हिवाळ्यात सकाळची हवा स्वच्छ असली की शाळेमागच्या सड्यावरून, म्हणजे त्या उघड्या कातळाच्या माळावरून, पूर्वेला सह्याद्रीची निळी रेघ दिसायची. ती बघून मी वर्गात जायची आणि फळ्यावर खडूनं तीच रेघ काढायची. मुलींना खडूची रेघ जास्त पटे, कारण ती परीक्षेत येई.

त्या रेघेवर जायचं आणि एकटीनं जायचं, असं माझ्या मनानं घेतलं. त्यातला पहिला भाग लोकांना समजावता आला असता. दुसरा मला स्वतःलाच नीट सांगता येत नव्हता. मी सव्वीस वर्षांची होते. घरात माणसं, शाळेत मुली, रस्त्यात ओळखीचे. न्हाणीघरात तेवढी एकटी असे, तर तिथंही दारावर थाप पडे आणि ‘झालं का गो?’ असा प्रश्न येई. एक अख्खी सकाळ कुणाच्या प्रश्नाला उत्तर न देता काढून बघायची, एवढीच माझी इच्छा होती. माणसं मला आवडत नव्हती असं नाही. पण भातही आवडतो म्हणून कुणी चोवीस तास जेवत नाही.

डोंगर ठरला तो माचाळ. लांज्याच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या खांद्यावर वसलेलं गाव. तिथं थंडी पडते असं म्हणत. माझी एक जुनी विद्यार्थिनी लग्न होऊन डोंगराच्या पायथ्याच्या गावात राहत होती. तिचा नवरा तिथं शाळामास्तर होता. तिच्याकडे रात्री मुक्काम करायचा, सकाळी एकटीनं वर चढायचं, संध्याकाळी खाली यायचं. नाताळच्या सुट्टीत जमण्यासारखं होतं.

घरात हे मी रात्रीच्या जेवणानंतर सांगितलं. वडील वर्तमानपत्रामागून ‘हं’ म्हणाले. त्यांचं ‘हं’ होकारार्थी होतं की नकारार्थी, हे आईला शेवटपर्यंत कळलं नव्हतं, तर मला काय कळणार? आई गेल्यापासून घराचा खरा कारभार आत्याकडे होता. आत्या ही वडिलांची थोरली बहीण. वयाच्या बाराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आली ती कायमचीच. वडील तिला अक्का म्हणत आणि तिच्याशी वाद घालत नसत.

“कोण आहे तिथं?” आत्यानं विचारलं.

“माझी विद्यार्थिनी.”

“आणि वर?”

“वर कुणी नाही. म्हणजे गाव आहे, पण माझं कुणी नाही.”

“मग वर कशाला?”

“बघायला.”

“आणि सोबत?”

हाच तो शब्द. आमच्याकडे बाई घराबाहेर पडली की तिला सोबत लागते. सोबतीला कोण आहे यापेक्षा कुणीतरी आहे हे महत्त्वाचं. चार वर्षांचा भाचादेखील सोबत म्हणून चालतो. रस्त्यात त्यालाच उचलून घ्यावं लागलं तरी सोबत त्याचीच.

“सोबत नको,” मी म्हटलं. “मला एकटीलाच जायचंय.”

आत्या ओरडली नाही. ती म्हणाली, “आणि पाय मुरगळला तर?” मी म्हटलं, पट्टी घेते. “आणि तहान लागली तर?” पाणी घेते. “आणि ताप आला?” सुंठ घेते. त्या रात्री मला कळलं की हा सौदा आहे. प्रत्येक भीतीच्या बदल्यात एक वस्तू न्यायची, म्हणजे तेवढ्यापुरतं माणूस टळतं. मग मी काहीच नाकारलं नाही. सुंठ, ओवा, कापूर, पट्टी, सुईदोरा, काडेपेटी, कंदील, असं विळी सोडून सगळं घेतलं. विळीचाही विषय निघाला होता.

खरा घोळ थंडीचा होता. आम्ही समुद्राकाठची माणसं. थंडी आम्हांला ठाऊक होती ती आषाढातली. भिजलं की वाजते ती थंडी. त्यामुळे ज्यानं त्यानं मला जो सल्ला दिला, तो पावसाचा होता. आत्यानं छत्री काढून ठेवली. शेजारणीनं मेणकापड दिलं. शाळेतल्या एक बाई म्हणाल्या, दोन जोडी कपडे जास्त घ्या, वाळत नाहीत. मार्गशीर्षात, आभाळात बोटभर ढग नसताना, मी एवढी पावसाळी तयारी केली होती की खारवीसुद्धा होडी घेऊन निघताना करत नसेल. लोकरीचं काही द्या म्हटलं तर लोक विचारात पडायचे. लोकर म्हणजे मेंढी, मेंढी म्हणजे घाटावर. आमच्या घरात लोकर दोनच ठिकाणी होती. एक वडिलांचा मफलर, तो ते डोक्याला बांधून पेपर वाचत. दुसरी आत्याची धाबळी.

धाबळीबद्दल आजच्या वाचकांना सांगायला हवं. सोवळं म्हणजे आंघोळ झाल्यापासून पूजा आणि स्वयंपाक होईपर्यंत कुणी कुणाला शिवायचं नाही. त्या वेळात नेसायचं ते लोकरीचं जाडंभरडं पांढरट वस्त्र म्हणजे धाबळी. आत्याची धाबळी माजघरात उंच दांडीवर असे. ती काठीनं काढायची, काठीनं ठेवायची. घरातल्या मुलांनी देवाला एकवेळ हात लावला असेल, पण धाबळीला नाही. मला स्वतःला सोवळ्याओवळ्यावर काडीचा विश्वास नव्हता. माणसानं माणसाला शिवू नये यात पवित्र काय आहे, हे मला कुठल्याही पुस्तकात सापडलं नव्हतं. पण आत्यासमोर हे बोलायची हिंमत आमच्या घरात मांजरालाही नव्हती. त्यामुळे धाबळी मागण्याचा विचारही मी केला नाही.

पायांची तयारी त्या मानानं सोपी झाली. चपलांवर डोंगर चढायचा नव्हता, आणि बायकांसाठी चढायचे बूट करावेत असं अजून कुणाला सुचलं नव्हतं. बाजारात जाऊन मी मुलांचे पांढरे कॅनव्हासचे बूट मागितले.

“भावासाठी का?” दुकानदारानं विचारलं.

“मापाचे दाखवा,” मी म्हटलं आणि चप्पल काढून पाय पुढे केला.

त्यानं पायाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग छताकडे. “भावाचे पाय नाजूक आहेत हो,” असं म्हणून त्यानं बूट बांधून दिले. असं सौजन्य मोठमोठ्या सभांत बघायला मिळत नाही.

लोकर मिळाली ती भाबीकडून. आमच्या घरामागच्या गडग्यापलीकडे, म्हणजे दगडाच्या कुंपणापलीकडे, एक मुसलमान कुटुंब होतं. घरधनी मोठ्या बोटीवर नोकरीला. वर्षातून एकदा घरी यायचा. त्याच्या बायकोला आम्ही सगळे भाबी म्हणत असू. गडग्यावरून ताक, आमसुलं आणि बातम्या यांची देवघेव चाले.

“लोकरीचं ना?” भाबी आत गेली आणि निळ्या रंगाची एक जाड जर्सी घेऊन आली. “ही बोटीवरची. हिकडं घालतो कुठं तो? घातली तर उकडून मरेल.”

“त्यांना लागली तर?”

“त्याला दुसरी हाय. तू जा घेऊन. एकटीच जातेस ना?”

मी मान डोलावली आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघत राहिले. भाबी हसली.

“बघतेस काय? आमचा मानूस सात समुंदर जातो, त्याच्या सोबतीला कोण जातं? आणि मी हिकडं असते, माझ्या सोबतीला कोण असतं? जा. वाऱ्याकडं पाठ करून बस, वर गेलीस की. येवढंच सांगते.”

साऱ्या गावात मला मिळालेला, पावसाचा नसलेला, हा एकच सल्ला. घरी येऊन जर्सीची घडी उलगडली तर बाहीत फडक्यात गुंडाळलेली दोन उकडलेली अंडी निघाली. आमच्या घरात अंडं कधी आलं नव्हतं. मी ती पुन्हा बाहीत सारली आणि जर्सी पेटीच्या तळाशी ठेवली. निघायच्या दिवशी सकाळी गडग्यावरून ताजी दोन मिळतील, असंही भाबीनं नंतर खुणेनं कळवलं, तेव्हा पहिली दोन मी त्याच संध्याकाळी तिला परत केली.

इथवर सगळं ठीक चाललं होतं. मग वकीलसाहेबांच्या कानावर गेलं.

वकीलसाहेब हे गावातलं बडं प्रस्थ. वकिली सोडून दहा-एक वर्षं झाली होती, पण बोलताना ते अजून काळा डगला सावरल्यासारखा हात करत. त्याच वर्षी एव्हरेस्ट सर झालं होतं, आणि तेव्हापासून त्यांना हिमालयानं झपाटलं होतं. वाचनालयात त्यांनी त्यावर व्याख्यान दिलं. बर्फ कसं असतं, ते पायाखाली कसं करकरतं, बोटं कशी काळी पडून झडतात, माणसं एकमेकांना दोरानं बांधून कशी चढतात, हे सगळं त्यांनी इतकं डोळ्यांपुढं उभं केलं की पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी खांद्यावरचं उपरणं गळ्याभोवती गुंडाळून घेतलं. वकीलसाहेबांनी स्वतः पाहिलेलं सर्वांत मोठं बर्फ मासळीच्या ट्रकातलं होतं.

ते घरी आले ते प्रवासात अंथरूण गुंडाळायचा होल्डॉल घेऊनच. सहा पट्टे, तितकीच बक्कलं; रिकामा असतानाच भरल्यासारखा जड.

“अभिनंदन!” ते वडिलांना म्हणाले. “आपल्या गावातली पहिली मोहीम तुमच्या घरातून निघतेय.”

“हं,” वडील म्हणाले.

“मोहीम नाही हो,” मी म्हटलं. “मी नुसती चढून येणार.”

“असंच म्हणतात सगळे सुरुवातीला. पण याला नेतृत्व लागतं.” ते खुर्चीत टेकले. “मी येईन. आमची मंडळीही येईल म्हणते. वाचनालयाचे चिटणीस आहेत, ड्रिलमास्तर आहेत. काथ्याचा दोर मी बंदरावरून आणवलाय. झेंडा शिवायला टाकलाय.”

“झेंडा?”

“शिखरावर लावायला नको?”

“वकीलसाहेब, माचाळला शिखर नाही. गाव आहे. तिथं लोक राहतात.”

“मग त्यांच्या हस्ते लावू,” ते उदारपणे म्हणाले.

मी वडिलांकडे बघितलं. वडिलांची अडचण मला दिसत होती. वकीलसाहेबांनी एके काळी आमच्या वाडीच्या हद्दीचा दावा फुकट चालवला होता. त्यांना नाही म्हणणं वडिलांना या जन्मी शक्य नव्हतं. ते ‘हं’ म्हणाले, आणि या वेळी ते होकारार्थी होतं हे मलासुद्धा कळलं.

दोन दिवसांत मोहीम चांगलीच वाढली. चिटणिसांच्या मेहुण्याला यायचं होतं. वकिलीणबाई पुरणपोळ्या करणार होत्या. ड्रिलमास्तर म्हणे शिट्टीवर पावलं टाकायला लावणार होते. मी रात्री अंथरुणावर पडून ती सकाळ डोळ्यांपुढं आणून बघितली. पुढे झेंडा, मागे मेहुणा, मध्ये दोरानं बांधलेली मी, आणि हिमालयावरचं व्याख्यान चढणीवर पुन्हा एकदा. सड्यावरून दिसणारी ती निळी रेघ माझ्यापासून आणखी चार कोस लांब गेल्यासारखी वाटली. मला जायचंच नाही असं सांगून टाकावं, असं ठरवत होते.

आत्याला याबद्दल मी काही बोलले नव्हते. पण दुसऱ्या दिवशी दुपारी ती म्हणाली, “नेसणार काय आहेस डोंगरावर?”

“हेच,” मी माझ्या पाचवारीकडे बोट दाखवलं.

“यात? हे गोल पातळ नेसून? पहिल्याच दगडावर पायात येईल. चल, उभी राहा.”

तिनं आईचं जुनं इरकली लुगडं काढलं. नऊवारी मी शाळेतल्या नाटकाखेरीज नेसले नव्हते. आम्ही शिकलेल्या मुली पाचवारीत वावरायचो आणि स्वतःला पुढारलेल्या समजायचो. आत्यानं माझ्याभोवती तीन फेऱ्या मारल्या, कासोटा खसकन ओढून मागे खोचला, निऱ्या वर चढवल्या, आणि म्हणाली, “बस खाली. ऊठ. पाय टाक त्या पाटावर. आता त्या जोत्यावर.”

मी जोत्यावर एका ढांगेत चढले. पाय पूर्ण मोकळे होते. मी उगीचच खाली उडी मारली आणि पुन्हा चढले.

“पुरे. घर पाडशील.”

मग मी कॅनव्हासचे बूट घातले आणि वरून भाबीची निळी जर्सी. वडील पेपर खाली ठेवून बघू लागले. एरवी पेपर ते जेवणासाठीच खाली ठेवत.

“कोण दिसते, अक्का?” त्यांनी विचारलं.

“वरून बोटीवरचा तांडेल दिसते, खालून मोलकरीण,” आत्या म्हणाली. “आणि पायात शाळकरी पोर. पण चढेल.”

मला इतकं हसू आलं की कासोटा सुटायची वेळ आली. आरशासमोर जाऊन मी स्वतःला वळून वळून बघितलं. आयुष्यात त्याआधी किंवा नंतर कुठल्याही कपड्यांत मी स्वतःला इतकी आवडले नाही. आणि मग मोहीम आठवली. मी जोत्यावर बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागले.

“काय झालं?” आत्यानं विचारलं.

“सगळे येणार आहेत,” मी म्हटलं. “मला एकटीला जायचं होतं.”

“माहीत आहे. घरभर सांगत फिरलीस की.” ती माजघरात गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात काठी होती आणि काठीवर धाबळी. “ही घे. ही जुनी आहे, पण ऊब आहे अजून.”

मी हात पुढे करेना. “सोवळ्याची आहे ना?”

“आहेच. म्हणून तर सांगते. नीट ने.”

संध्याकाळी वकीलसाहेब वेळापत्रक पक्कं करायला आले. आत्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहिली. पुरुषमंडळींशी ती तिथूनच बोलत असे.

“अक्का, तयारी झाली का पोरीची?”

“झाली. धाबळी काढून दिल्येय तिला.”

“उत्तम! लोकर ती लोकर.”

“सोवळ्याची आहे. पांघरली की तिला कुणी शिवायचं नाही.”

“आम्ही कशाला शिवू?”

“चढणीला हात द्यावा लागतो.”

“नाही देणार.”

“दोरानं बांधून चढणार म्हणालात ना?”

वकीलसाहेबांतला वकील जागा होताना दिसला. “दोर म्हणजे स्पर्श नव्हे, अक्का. शिवाय दोर काथ्याचा आहे. काथ्याला विटाळ नसतो.”

“काथ्याला नसेल. पण दोराच्या दुसऱ्या टोकाला तुम्ही असणार. घसरलात तर कुणावर येणार?”

“मी घसरणार नाही.”

“चिटणिसांचा मेहुणा?”

मेहुण्याची बाजू मांडणं कुठल्याच वकिलाला जमलं नसतं. त्यांनी दुसरीकडून सुरुवात केली. “मग धाबळी राहू द्या घरी. एवढं काय?”

“अहो, तुम्हीच तर व्याख्यानात सांगितलंत. थंडीनं बोटं झडतात म्हणून. अजून पोरीचं लग्न व्हायचंय.”

वडिलांनी पेपर चेहऱ्यासमोर धरला. पेपर हलत होता.

“पण म्हणजे मग,” वकीलसाहेब हळूहळू म्हणाले, “एकटी जाणार ती?”

“एकटी कशी?” आत्या म्हणाली. “सोवळ्यात आहे.”

यावर अपील नव्हतं. वकीलसाहेब उठले, होल्डॉल उचलला आणि गेले. मोहीम त्यांनी नंतर किल्ल्यावर नेली. झेंडा तिथल्या वाऱ्यानं समुद्रात उडवला, पण पुरणपोळ्या चांगल्या झाल्या होत्या, असं ऐकलं.

ते गेल्यावर वडिलांनी विचारलं, “अक्का, शास्त्रात हे कुठं आहे?”

“तू वाचलंयस शास्त्र?”

“नाही.”

“मग पेपर वाच.”

आत्यानं हे सोवळ्यासाठी केलं की माझ्यासाठी, हे मी तिला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सोवळ्यासाठी असंच सांगितलं असतं, आणि मला ते मानावं लागलं असतं. ज्या रूढीला मी मनातल्या मनात रोज नावं ठेवत होते, तिनंच मला एक अख्खी सकाळ मिळवून दिली. याबद्दल त्या रूढीला माझ्याकडून चांगलं प्रशस्तिपत्रक मिळणार नाही. पण आत्याला मिळायला हरकत नाही.

आता सोबत टळली होती, तेव्हा सोबतीच्या बदल्यात घेतलेल्या वस्तूंचं कारण उरलं नाही. मी आणि आत्या भरलेलं सगळं ओटीवर काढून बसलो. छत्री गेली, मेणकापड गेलं, कंदील गेला. कापूर कशासाठी घेतला होता हे दोघींनाही आठवेना. शेवटी खांद्यावर टाकायच्या पडशीत एका कप्प्यात दशम्या, लसणीची चटणी, गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या. दुसऱ्यात धाबळी, आणि तिच्याखाली, आत्याच्या नकळत, भाबीची ताजी दोन अंडी. लांज्यापर्यंत एस.टी. आणि पुढं बैलगाडी, एवढा प्रवास धाबळी आणि अंड्यांनी एका कप्प्यात केला. भांडण झालं नाही.

पायथ्याच्या गावी मला धास्ती होती ती यजमानांची. ज्यांच्या घरी रात्री मांडीला मांडी लावून जेवले, त्यांना सकाळी ‘मला शिवू नका’ म्हणायला माझी जीभ वळली नसती. पण तसला प्रसंगच आला नाही. सकाळी मी बूट बांधत होते तेव्हा माझी विद्यार्थिनी चुलीपाशी भाकरी थापत होती.

“वर एकटीच जाते मी,” मी जरा जोर देऊन म्हटलं.

“हो, जा की, बाई. वाट मळलेली हाय.”

“सोबत नको ना?”

ती वळून बघायला लागली. “कसली सोबत? आमच्या हितल्या बाया रोज जातात लाकडांना. माझी सासू आत्ता वरच असंल.” मग बिचकून म्हणाली, “भीती वाटते का, बाई? मास्तरांना सांगू का यायला?”

“नको, नको!” मी पडशी उचलली आणि जवळजवळ पळतच निघाले. ज्या परवानगीसाठी मी महिनाभर झगडले, ती इथं कुणी मागतच नव्हतं. सोबत हा शहरातल्या अब्रूचा दागिना. डोंगरातल्या बायांना तो परवडत नव्हता आणि त्याची गरजही नव्हती.

वाट पहिल्यांदा शेतांतून गेली. भात कापून झालं होतं, बांधावर गवताच्या उडव्या रचलेल्या. मग झाडी, मग चढण. गवतावर इतकं दव होतं की बूट पहिल्या वळणालाच भिजले. लुगडं मात्र गुडघ्याशी खोचलेलं, कोरडं. दगडावरून दगडावर पाय टाकताना आत्याचा ‘आता त्या जोत्यावर’ हा आवाज आठवत होता, आणि पाय खरोखर तितकेच सहज पडत होते. कुणी विचारत नव्हतं दमलीस का, थांबायचं का, अजून किती राहिलं. मी मोठ्यानं एक ओवी म्हटली. चुकली. पुन्हा म्हटली. पुन्हा त्याच ठिकाणी चुकली. कुणी दुरुस्त केली नाही.

अर्ध्या चढणीवर एका कातळावर ऊन आलं होतं. मी तिथं बसले आणि सगळं खाल्लं. दशम्या, चटणी, गूळ, सगळं. न्याहारीला थोडं, दुपारला थोडं असं आत्यानं सांगितलं होतं. पण मला भूक लागली होती, आणि ‘आत्ताच?’ म्हणणारं माणूस त्या डोंगरावर नव्हतं. शेवटी अंडी सोलली. मीठ नव्हतं, म्हणून बोटांना लागलेल्या चटणीशी खाल्ली. वाईट लागली नाहीत. टरफलं पानाखाली लपवायला निघाले आणि हसू आलं. कुणापासून लपवत होते?

वर पोहोचले तेव्हा झाडी एकदम संपली आणि उघडं पठार लागलं. गाव लांब होतं. कौलांतून निघणारा धूर दिसत होता. सूर्य वर आला होता, ऊन लख्ख होतं, आणि त्या उन्हातून घाटावरचा वारा असा आला की मी जागीच उभी राहिले. असलं काही अंगाला कधी लागलं नव्हतं. ओलं नव्हतं. पावसाचा वास नव्हता. नुसतंच, कोरडं, धारदार. मी घाईनं पडशीतून धाबळी काढली, जर्सीवरून डोक्यासकट गुंडाळली आणि भाबीनं सांगितल्याप्रमाणे वाऱ्याकडे पाठ करून बसले. समोर, खाली, सगळं कोकण पसरलं होतं. टेकड्या, खाड्या, आणि अगदी कडेला एक पांढरट पट्टी, ती समुद्राची असावी. मी जिथून ही निळी रेघ बघायची, ते त्या पट्टीच्या कडेला कुठंतरी होतं. शोधत बसले. सापडलं नाही.

तेवढ्यात माझे दात वाजायला लागले. आधी मला कळेना आवाज कसला. थंडीनं दात वाजतात हे मी गोष्टींत वाचलं होतं, वर्गात मुलींना सांगितलंही होतं, पण ती लेखकांची अतिशयोक्ती असावी असं माझं मत होतं. ते खरंच वाजत होते, खडाखड, माझी परवानगी न घेता. मी तोंड मिटून बघितलं, थांबेनात. जबडा धरून बघितला, हातसुद्धा हलायला लागला. मला हसायला यायला लागलं, आणि हसताना ते आणखी जोरात वाजले. हे कुणाला तरी दाखवायला हवं म्हणून मी सवयीनं शेजारी वळले. शेजारी गवत होतं. मग मी धाबळी आणखी घट्ट ओढली आणि समोर पडलेली माझी सावली आखडून ऊन पायांपर्यंत येईपर्यंत माझे दात ऐकत तिथं बसून राहिले.